पहिल्या पंगतीचे मामा

"वरच्या बाई! ही नारिंगी टोपी तुमची कां?"

मामांनी मला घातलेली ही पहिली मोठी हाक. शनिवारची संध्याकाळ होती. अड्यारमधल्या आमच्या गल्लीत त्या वेळी कोण नसे? समोरचा इस्त्रीवाला होता, फुलांची टोपली घेऊन बसणारी बाई होती, फाटकाशी बोलत उभ्या असलेल्या दोन शेजारणी होत्या. मामा, म्हणजे आमचे घरमालक, जिन्याच्या तळाशी उभे होते आणि त्यांच्या दोन बोटांत, करंगळीच्या टोकापेक्षाही लहान अशी, इंजेक्शनच्या सिरिंजची नारिंगी टोपी होती. मी ती रोज वर्तमानपत्रात गुंडाळून, ते वर्तमानपत्र पिशवीत आणि ती पिशवी दुसऱ्या पिशवीत घालून टाकत असे. तरीही एक निसटली होती.

"नाही," मी वरून म्हणाले. "माझी नाही."

"मग कोणाची? ह्या घरांत सुई घेणारा मी एक. माझी टोपी तांबडी. ही नारिंगी. येतो वर."

आणि ते आलेच. चौऱ्याहत्तर वर्षांचे, काटकुळे, पांढरी वेष्टी, म्हणजे तिकडचे लुंगीवजा धोतर, आणि बाह्यांचे बनियन. बनियनला मामींनी मुद्दाम शिवून दिलेला खिसा, आणि त्या खिशात एक भिंग. मी दार धरून उभी होते. शेजारपाजारचे सगळे त्यांना मामा म्हणत, म्हणून मीही म्हणे; पण तोवर आमचे बोलणे पाण्याची मोटर आणि पेपरवाला यांच्यापलीकडे गेले नव्हते.

"बाटली आणा," ते म्हणाले.

खोटे बोलल्यानंतर ते पुढे रेटण्याची हिंमत माझ्यात कधीच नव्हती. मी फ्रिजमधून इन्सुलिनची बाटली आणून दिली. त्यांनी खिडकीशी जाऊन भिंगातून तिच्यावरची बारीक अक्षरे वाचली, मग माझी सिरिंज उजेडात धरून तिच्यावरच्या रेघा मोजल्या. पुन्हा मोजल्या. मग माझ्याकडे असे पाहिले, की जणू मी दुधात पाणी घालताना सापडले होते.

"बाटलीवर चाळीस. सुईवर शंभर. चाळीसाचा माल शंभराच्या मापानं मोजतांत? किती दिवस?"

"सोळा," मी म्हणाले.

"सोळा दिवस! दहा घ्या म्हटलं डॉक्टरनं, तर तुम्ही घेतलं चार. साखर उतरली नाही, तर म्हणणार औषध वाईट."

औषध वाईट असे मी म्हणत नव्हते. मीच वाईट असे मला वाटत होते. एकोणचाळिसाव्या वर्षी मधुमेह निघाला; गोळ्यांनी काही महिने ओढाताण केली आणि मग डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सांगितले, की तुमच्या शरीराने इन्सुलिन तयार करणे जवळजवळ थांबवले आहे, आता रोज जेवणापूर्वी ते बाहेरून घ्यावे लागेल, आणि कायमचे. मी सोळा दिवस, दिवसातून तीनदा, दात आवळून सुई टोचली आणि साखर जिथल्या तिथे राहिली. मला वाटले, इतरांना जमते ते मला जमत नाही. ते एका चुकीच्या सिरिंजमुळे होते, ही शक्यता माझ्या मनात आलीच नव्हती. दुकानदाराने जे हातात ठेवले ते मी घेतले, त्याला परत काही विचारावे असा माझा स्वभाव नव्हता.

मामा वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. त्यांच्या दृष्टीने हा आजाराचा प्रश्न नव्हता. हा गुन्हा होता. ते त्याच पावली औषधाच्या दुकानात गेले. मी त्यांच्या मागून दहा पावले अंतर ठेवून, आपण त्यांच्याबरोबर नाही असे भासवीत गेले. दुकानात त्यांनी काय भाषण केले ते तमिळमध्ये होते आणि मला निम्मेच कळले. पण परतताना माझ्या हातात तांबड्या टोप्यांचे पाकीट होते आणि दुकानदार हात जोडून उभा होता.

मामांना जाऊन आता बरीच वर्षे झाली. मी ग्रंथालयात नोकरी केली. दुसऱ्यांनी लिहिलेल्या पुस्तकांना क्रमांक देण्यातच माझे आयुष्य गेले, आणि स्वतः काही लिहावे असे फार उशिरा वाटू लागले. वाटले तेव्हा पहिल्यांदा हेच गृहस्थ समोर आले. त्यांची भाषा मला हुबेहूब उतरवता येणार नाही, हे आधीच कबूल करते. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी तंजावरला आले. त्यांची मराठी जुनी होती, तिचा हेल तमिळ होता, आणि अर्धे वाक्य मराठीत सुरू होऊन तमिळमध्ये उतरत असे. माझी पुणेरी वळणाची मराठी ऐकून ते म्हणत, "तुम्ही फार घाईत बोलतांत. आमची मराठी घराबाहेर कधी गेली नाही, म्हणून ती दमली नाही."

मापाचे वेड त्यांना निवृत्तीनंतरही सोडत नव्हते. भाजीवाला त्यांना पाहिले की तराजूवरचा अंगठा आपण होऊन काढून घेई. देवळात पोंगलचा प्रसाद घेताना ते पुजाऱ्याला सांगत, की मागच्या शुक्रवारी पळी मोठी होती. घरी भात मोजायला एक पितळी आळाक्कु होते. आळाक्कु म्हणजे तिकडचे तांदूळ मोजायचे छोटे माप. मामांचा शिजलेला भात त्यात दाबून नव्हे, हलक्या हाताने भरून आणि वरून बोटाने सपाट करून पानावर पडे. एक शीत जास्त नाही, एक शीत कमी नाही. मामी एकदा मला म्हणाल्या, "लग्नांत माझ्या मंगळसूत्राचं सोनंसुद्धा ह्यांनी तोलून घेतलं मा. कमी भरलं असतं, तर मी आज दुसऱ्या कोणाच्या घरांत असते." हे सांगताना त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. जराशी हळहळ होती की काय, ते मला कधी ठरवता आले नाही.

साखर मोजण्याचे यंत्र त्या काळी नुकतेच घरोघरी येऊ लागले होते. मामांच्या मुलाने एक आणून दिले. मामांनी पहिल्याच दिवशी एकाच बोटाचे रक्त तीनदा तपासले, तीन आकडे वेगळे आले, आणि त्यांनी कंपनीला पत्र लिहिले. कंपनीचे उत्तर आले, की थोडा फरक चालतो. मामांनी ते उत्तर चौकटीत बसवून भिंतीवर लावले. पाहुण्यांना ते दाखवीत, "बघा, छापून दिलंय. फरक चालतो म्हणे!" आणि यंत्र मात्र रोज वापरीत.

ते सुई घेत ती जेवणाच्या टेबलाशी, सर्वांसमोर. वेष्टीची कड जराशी खाली सरकवायची, पोटाची चिमूट धरायची, टोचायचे, सिरिंजला टोपी लावायची, आणि "आज कूटू काय?" असे, म्हणजे डाळीतली भाजी कसली आहे, ते विचारायचे. पाहुणे असोत, जावई असो, बँकेचा माणूस सही घ्यायला आलेला असो. तीस वर्षे हे चालले होते. कोणी नजर चुकवली तर ते म्हणत, "लाज वाटायचीच असेल तर जेवण झाल्यावर वाटू द्या. रिकाम्या पोटी लाज सोसत नाही."

मी ऑफिसात सुई घेत असे ती ग्रंथालयाच्या मागच्या कोठीत, बांधीव नियतकालिकांच्या कपाटाआड. तिथे दिवा नव्हता. सिरिंजवरच्या रेघा दिसाव्यात म्हणून मी छोटी बॅटरी दातांत धरीत असे. हे मी एकदा मामींना सांगितले आणि मामींनी मामांना.

"चोरी करतांत कां?" मामांनी विचारले.

"नाही, पण लोक बघतात."

"बघूं देत. मी पण बघतो. तुमचा हात थरथरतो कां, रेघ बरोबर कां, कोणी तरी बघायला नको?"

त्यांना कळत नव्हते असे नाही. पण माझ्या संकोचाला ते आजार मानत नसत. ती एक वाईट सवय आहे, नखे खाण्यासारखी, असे त्यांचे मत होते.

आप्तस्वकीयांत मामांचे नाव 'मुदल् पंदी मामा' असे पडले होते. तिकडे लग्नाच्या पहिल्या पंगतीला मुदल् पंदी म्हणतात. मामा कोणत्याही लग्नात, मुंजीत, साठीशांतीत पहिल्या पंगतीला बसत. मुहूर्त लांबला, आशीर्वादाची रांग लागली, नवऱ्या मुलाचे काका रुसले, काहीही होवो. पाने मांडली की मामा तिसऱ्या किंवा चौथ्या खुर्चीवर दिसत. मागून कुजबुज होई. "अक्षता चुकतील, पंदी चुकायची नाही!" "मुलीचे वडील अजून उपाशी आहेत, आणि हे बघा." एकदा त्यांच्या मेव्हण्याने तोंडावर म्हटले, "काय मामा, घरी वाढत नाहीत कां?" मामा म्हणाले, "वाढतात. पण इथं तुम्ही वाढतांत, म्हणून लौकर आलो. तुमचा भरवसा नाही."

स्वतःच्या वडिलांच्या श्राद्धालाही त्यांनी सवलत दिली नव्हती. त्या दिवशी ब्राह्मण जेवून उठेपर्यंत यजमानाने खायचे नसते. मामा डॉक्टरला विचारून सुईचे माप आधीच उतरवीत आणि पुरोहिताला आदल्या दिवशी जाऊन सांगत, "उद्या माझ्या बापाला साडेअकराला वाढायचं. तो जिवंतपणी कधी बाराला जेवला नाही, मेल्यावर कशाला उशीर?" पुरोहित इतरत्र तासभर उशिरा जाणारा, मामांकडे अकरालाच पाय धुऊन पाटावर हजर असे.

मला हे पाहून गंमत वाटे आणि थोडी शरमही वाटे. ह्या गृहस्थाबरोबर आपण कुठे जाऊ नये, असे मी ठरवून ठेवले होते. त्यांनी मला एक नियम सांगितला होता: घरी अर्धा तास आधी सुई घ्या, कारण घरचे जेवण तुमच्या हातात आहे, बाहेर मात्र पाने मांडली म्हणून सुई घेऊ नका, खुर्ची मिळाली म्हणून घेऊ नका, भात पानावर पडला की मगच घ्या. मला तो त्यांच्या अनेक लहरींपैकी एक वाटला. माझ्याजवळ दवाखान्यातले माहितीपत्रक होते आणि त्यात जेवणापूर्वी अर्धा तास असे स्वच्छ छापले होते. छापलेल्या मजकुरावर माझी श्रद्धा फार.

माझा मोठा भाऊ, दादा, पुण्याला होता. सुई सुरू झाली तेव्हा तो फोनवर म्हणाला होता, "दोन महिने बघू. नाही जमलं तर राजीनामा दे आणि इकडे ये. मागची खोली रिकामीच आहे." तो मनापासून बोलत होता. वहिनी चांगली होती. मागची खोलीही चांगली होती, तिला उत्तरेची खिडकी होती. पण मला पक्के ठाऊक होते, की त्या खोलीत मी एकदा गेले की पुन्हा बाहेर पडणार नाही. मला जेवायला वेळेवर बोलावतील, सुईची वेळ वहिनी लक्षात ठेवील, आणि मी हळूहळू घरातली एक जपून ठेवायची वस्तू होईन. अड्यारमधली माझी वरची खोली, संस्थेचे ग्रंथालय, रविवारी एकटीने समुद्रापर्यंत चालत जाणे, हे सारे मी उशिराने आणि कष्टाने मिळवले होते. ते ठेवायचे, तर हा आजार मला एकटीने सांभाळता येतो, हे दाखवणे भाग होते. दादाला, आणि त्याहून अधिक मला स्वतःला.

तांबड्या टोपीच्या सिरिंजने साखर आठवडाभरात उतरू लागली. डॉक्टरीणबाईंनी माप नव्याने ठरवून दिले. मी फोनवर दादाला आकडे वाचून दाखवले. "बरं," तो म्हणाला, "पण अजून महिना आहे."

त्या महिन्यातच मैलापूरला मामींच्या भावाच्या नातीचे लग्न होते. मामींनी मला बोलावले. नाही म्हणायला मला जमले नाही. मुहूर्त पावणेअकराचा. सकाळी एका इडलीवर निघालेले. अक्षता पडल्या आणि मी वरून पाहिले, तर खालच्या भोजनगृहात लांब टेबलांवर केळीची पाने मांडली जात होती. मी घड्याळ पाहिले, बायकांच्या खोलीलगतच्या न्हाणीघरात गेले, कडी लावली आणि सुई घेतली. अर्ध्या तासात भात पानावर असेल, असा माझा हिशेब होता.

खुर्ची मला मिळालीही. मामा माझ्यापासून चार खुर्च्या पलीकडे होते. त्यांची सुई हातात तयार होती आणि ते भात वाढणाऱ्याला अजून का येत नाही म्हणून ओरडत होते. तेवढ्यात एक म्हाताऱ्या बाई सुनेचा हात धरून आल्या. नवऱ्या मुलाकडच्या असाव्यात. त्यांनी इकडेतिकडे पाहिले. त्यांनी काही मागितले नाही. मी उठले.

"बसा ना तुम्ही. मी नंतर बसते."

हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा बोलले असेन! बसमध्ये, दवाखान्यात, संस्थेच्या चहाच्या रांगेत. त्या दिवशी ते तोंडातून निघाले तेव्हा माझ्या पोटात सुई घेऊन वीस मिनिटे झाली होती.

तिकडच्या लग्नात जागा मिळाली नाही तर लोक जेवणाऱ्याच्या खुर्चीमागे उभे राहतात, म्हणजे तो उठला की ती जागा आपली. मी त्या म्हाताऱ्या बाईंच्या मागे उभी राहिले. त्या सावकाश जेवत होत्या. सांबार झाले. रसम त्यांना आवडले, त्यांनी ते तीनदा मागितले. मला घाम आला. आधी वाटले, गर्दीमुळे. मग बोटे थरथरू लागली आणि समोरच्या पानांचा हिरवा रंग वाहू लागला. पायसमची बादली घेऊन वाढपी माझ्या कोपराला घासून गेला. हात पुढे केला असता तर पुरे होते. एक शब्द बोलले असते तर पुरे होते. मला दोन्ही सुचत होते, आणि तरीही मी मनाशी म्हणत होते, की आता फक्त ताकभात राहिला आहे, दहा मिनिटे, कशाला गडबड. बाई माझ्याकडे वळून काही म्हणाल्या. शब्द ऐकू आले, अर्थ लागला नाही. मी खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली.

मामांनी ताक मागायला मान वर केली आणि मला पाहिले.

ते उठले. पंगतीतून मध्येच उठणे म्हणजे काय, हे त्या घरांत वाढलेल्यांनाच कळेल. सर्वांचे जेवण होईपर्यंत कोणी पानावरून हलत नाही. मामा उठले, चार खुर्च्या ओलांडून आले, माझा दंड धरून मला ओढत नेले आणि आपल्या खुर्चीवर बसवले. समोर त्यांचे अर्धे जेवलेले पान. कडेला पायसम.

"गीळ," ते म्हणाले. माझ्याशी ते पहिल्यांदाच एकेरीत बोलत होते.

"मामा, उष्टं..."

"गीळ म्हणतो ना!"

आणि तेच, पाण्याचा पेला कधी ओठांना न लावणारे, वरूनच धार धरून पिणारे, परक्याच्या हातचा चहादेखील टाळणारे मामा! त्यांनी आपल्या खरकट्या उजव्या हाताने पानावरचे पायसम पसाभर उचलले आणि माझ्या तोंडात घातले. एकदा, दोनदा. मग डावा हात उगारून वाढप्याला ओरडले, "सक्करै! सक्करै कोंडा!" साखर आली. तीही त्यांनीच माझ्या जिभेवर टाकली.

भोजनगृह गप्प झाले होते. मला पहिल्यांदा पुन्हा ऐकू आला तो मामींच्या वहिनीचा आवाज. "अय्यो रामा, पंदीतून उठले! आणि परक्या बाईला एच्चिल, आपलं उष्टं, भरवलं!"

"उठलो," मामा म्हणाले. "भरवलं. आता तिला एक केळं द्या, मग मला शिव्या द्या."

परतीच्या रिक्षात मी रडत होते. त्यांनी सांत्वन केले नाही. साक्षीदाराची उलटतपासणी घ्यावी तसे म्हणाले, "मला एवढंच सांगा. त्या म्हाताऱ्या बाईंनी तुमचं काय भलं केलं होतं, की तुम्ही त्यांना तुमचा जीव द्यायला निघालांत?"

मी पदराला लागलेले पायसम पुसत राहिले.

मामी घाबरल्या होत्या. त्यांनी मला न विचारता दादाला फोन केला. दादा म्हणाला, येतो. गुरुवारी सकाळी पोचेन, तिचे सामान बांधून ठेवा.

मध्ये तीन दिवस होते. त्या तीन दिवसांत मामांनी माझ्याकडून जे करवून घेतले, त्याला मी शिकवणी म्हणते. मामी छळ म्हणत. संध्याकाळी ऐन गर्दीच्या वेळी ते मला कोपऱ्यावरच्या टिफिनच्या हॉटेलात नेत, स्वतः पलीकडच्या टेबलाशी बसत, आणि मी वाढप्याला आपणहून सांगायचे, "ऊसी पोट्टिरुक्केन्. सीक्किरम् कुडुंग." म्हणजे, सुई घेतली आहे, लवकर द्या. सुई अर्थात घ्यायची ती ताट समोर आल्यावरच. हा नुसता बोलण्याचा सराव होता. पहिल्या दिवशी मी ते असे पुटपुटले, की वाढपी "कॉफी?" म्हणून निघून गेला.

"पुन्हा," पलीकडून मामा. "त्याला ऐकू गेलं नाही."

मी पुन्हा म्हणाले.

"मला ऐकू गेलं. त्याला नाही. पुन्हा."

शेजारच्या टेबलावरचे एक गृहस्थ दोसा हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. तिसऱ्यांदा मी इतक्या मोठ्याने बोलले, की गल्ल्यावरचा माणूसही उठला. दुसऱ्या दिवशी मी आत शिरताच वाढप्याने न विचारता ताट आणून ठेवले. मी खूश झाले. मामा संतापले. "हा असा चांगुलपणा करील, तर तुमचा सराव कसा होणार?" आणि तिसऱ्या दिवशी आम्ही दुसऱ्या हॉटेलात गेलो, जिथे आम्हाला कोणी ओळखत नव्हते.

त्या रात्री मी सामान बांधले नाही.

दादा गुरुवारी आला. प्रवासाने थकलेला, हळवा झालेला. मामांच्या दिवाणखान्यात बसून त्याने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि खिशातून पाकीट काढले. "परतीची दोन तिकिटं काढूनच आलोय. उद्या रात्रीची गाडी. राजीनाम्याचं पुढं पोस्टाने बघू."

साडेबारा वाजत आले होते. मी वर जाऊन फ्रिजमधून बाटली आणली, त्याच्या समोरच खुर्चीवर बसले, सिरिंज उजेडात धरली, रेघ पाहिली आणि पदर बाजूला करून पोटात सुई घेतली. दादाने घाईने भिंतीवरच्या चौकटीकडे नजर वळवली. तिथे कंपनीचे ते पत्र होते. तो ते फार मन लावून वाचू लागला.

एक वाजता मामींनी पाने मांडली. मामा बसले, त्यांचा आळाक्कुभर भात त्यांच्यापुढे पडला आणि ते जेवू लागले. पाहुणा असला म्हणून ते थांबतील, अशी कोणाची अपेक्षाच नव्हती. मी माझ्या पानाशी बसले. दादा हात धुवायला उठला आणि तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला. वहिनी होती. तो बाल्कनीत गेला. "हो, अशक्त वाटते आहे... नाही, आणतो ना, उद्याच निघतो..."

मामी भाताचे भांडे घेऊन थांबल्या. लांबून आलेला पाहुणा, घरातला वडीलधारा पुरुष, तो पानावर बसल्याशिवाय त्याच्या बहिणीला कसे वाढायचे? आमच्याही घरी हेच होते. दादाच्या आधी घास घेतल्याचे मला लहानपणापासून एकदाही आठवत नव्हते.

बाल्कनीतले बोलणे संपेना. मागच्या खोलीत पलंग कुठे लावायचा, यावर ते आले होते.

"मामी," मी म्हणाले, "मला वाढा."

"दादा येऊं देत की मा. दोन निमिषं."

"नाही. आत्ता वाढा. मी सुई घेतली आहे."

आवाज बाल्कनीपर्यंत गेला असावा, कारण तिकडचे बोलणे थांबले. मामींनी एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा दाराकडे, आणि भात वाढला. मी त्यावर सांबार घेतले, कालवले आणि पहिला घास घेतला. दादा दारात येऊन उभा होता. मोबाइल त्याच्या हातात तसाच उघडा होता आणि त्यातून वहिनीचे बारीक "हॅलो, हॅलो" ऐकू येत होते.

"सुरुवात केलीस?" तो म्हणाला.

"हो. वेळ झाली."

"दोन मिनिटं थांबली असतीस."

"नाही, दादा."

मी दुसरा घास घेतला. दादा माझ्याकडे पाहत राहिला, लहानपणी मी शाळेतून एकटी घरी आले होते तेव्हा पाहिले होते तसा. मग त्याने फोन कानाला लावून "नंतर करतो" म्हटले, येऊन माझ्या शेजारी बसला आणि जेवू लागला. मामींनी त्याला दुसऱ्यांदा रसम वाढले. तेव्हा तो पानाकडे बघतच म्हणाला,

"एक तिकीट परत करता येतं का हो इथल्या स्टेशनवर?"

प्रश्न मामांना होता. पण मामांनी मान वर केली नाही. ते केव्हाच ताकभातावर आले होते, आणि पंगतीत त्या सुमारास ते कोणाशी बोलत नसत.

"येतं," मी म्हणाले. "जेवण झालं की मी नेते तुला."